पाच सूर खाली

हॅझलथॉर्पच्या शाळेत ग्रॅहम ओल्डरॉइड केअरटेकर आहे. सकाळी बॉयलर पेटवायचा, कुलपं काढायची, डुगडुगत्या बाकांचे पाय ठोकायचे, हिवाळ्यात वाटेवरच्या बर्फावर मीठ टाकायचं, एवढं त्याचं जग. वर्षा-दोन वर्षांतून एखादा नवा शिक्षक त्याचं आडनाव ऐकून थबकतो आणि विचारतो, 'स्लॅक वॉटर' बँडमधले ओल्डरॉइड तुम्हीच का? ग्रॅहम स्क्रू पिळत पिळत सांगतो की तो माझा चुलतभाऊ, ऑस्ट्रेलियाला गेला. शिक्षक हिरमुसतो आणि वर्गाकडे वळतो. ऑस्ट्रेलियात ग्रॅहमचं कुणीही नाही.

माणसं नाव कमावण्यासाठी जिवाचं रान करतात, आणि हा कमावलेलं नाव दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळा होतो. गावात त्याला कुणी विनयशील म्हणतं, कुणी तऱ्हेवाईक. यातलं एकही खरं नाही. त्याला त्या नावाची लाज वाटते, आणि लाज वाटावी असं त्यानं केलंही होतं.

त्याचा बाप विल्फ. अठ्ठावीस वर्षं खाणीत काढली, खाण बंद झाल्यावर घरी बसला, आणि परसातली कबुतरांची ढाबळ हेच त्याचं ऑफिस झालं. विल्फ घरात बोलायचा नाही. 'चहा आहे का' आणि 'दार लाव' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. एनिडनं, म्हणजे ग्रॅहमच्या आईनं, लग्नानंतर दोन वर्षं याचा राग धरून पाहिला. मग तीच दोघांच्या वाटचं बोलायला लागली.

पण शनिवारी दुपारी विल्फला वाचा फुटायची. गावातली शर्यतीची कबुतरं शुक्रवारी टोपल्यांतून फ्रान्सला जायची आणि शनिवारी तिकडून सुटायची. पाखरू घराच्या छपरावर येऊन बसलं म्हणजे शर्यत जिंकली असं नव्हे. ते ढाबळीत शिरलं पाहिजे, त्याच्या पायातली रबरी कडी काढून क्लबानं दिलेल्या घड्याळाच्या पेटीत टाकली पाहिजे, तेव्हा कुठे वेळ छापली जायची. त्या पेटीला सगळं गाव 'मशीन' म्हणायचं. पाखरू वर बसून पिसं साफ करत राहिलं की खाली मालकाचा जीव टांगणीला. म्हणून ज्याची त्याची हाक असायची. विल्फ दाण्यांचा डबा हलवत मऊ, ओल्या आवाजात म्हणायचा, "ये गं. ये गं बाई, ये. घर तुझंच आहे."

हा आवाज घरातल्या कुणाच्या वाट्याला कधी आला नाही. लहानपणी ग्रॅहम परसाच्या पायरीवर बसून तो ऐकायचा आणि त्याला कबुतरांचा चक्क हेवा वाटायचा.

विल्फबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तो दारूच्या थेंबाला शिवत नसे. त्याचा बाप दारूपायी गटारात मेला होता, आणि ज्या दिवशी त्याला पुरलं त्याच दिवशी सोळा वर्षांच्या विल्फनं चॅपलमध्ये उभं राहून शपथ घेतली होती. एनिडच्या ख्रिसमस पुडिंगमध्ये ब्रँडी असेल म्हणून तो तेही खात नसे. कबुतरांच्या क्लबात चाळीस बिअरच्या ग्लासांमध्ये एक लेमोनेडचा ग्लास ठरलेला. लोक चेष्टा करायचे, पण पैशांची पेटी सांभाळायला द्यायची वेळ आली की सगळे विल्फकडेच बघायचे.

ग्रॅहम शेफील्डला शिकायला गेला आणि तिथे शिकणं सोडून बाकी सगळं शिकला. ज्युलियन पॅस्को त्याला तिथेच भेटला. दक्षिणेकडच्या डॉक्टरचा मुलगा, गळ्यात आईचा रेशमी रुमाल, बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच जन्मलो असं वाटावं. त्या वर्षांत पोरं नाचघरांत बेभान होऊन नाचत, आणि दमली की बाजूच्या एका खोलीत गाद्यांवर येऊन पडत. त्या दमलेल्यांसाठी हे दोघं वाजवायला लागले. ढोल नाही, गाणं नाही. लांबच लांब पसरलेले सूर, आणि त्यांत सोडलेले इकडचे तिकडचे आवाज: भरतीचं पाणी, मेंढ्या, स्टेशनावरची घोषणा, कुणाच्या तरी आजीनं हवेविषयी केलेली तक्रार. पोरं डोळे मिटून ऐकत आणि आपण ढगावर आहोत म्हणत. स्लॅक वॉटर हे नाव ज्युलियननं ठेवलं. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी क्षणभर थांबतं, ते.

आवाज गोळा करणं हे ग्रॅहमचं काम. कोटाच्या खिशात टेपरेकॉर्डर घालून तो बसमध्ये, बाजारात, धोबीघरात फिरायचा. विचारून घ्यायची पद्धत त्या मंडळींत नव्हतीच. ज्युलियन म्हणायचा, आवाज हवेत असतो, आणि हवेचा मालक दाखव. घेतलेला आवाज यंत्रावर चढवायचा आणि खाली खेचायचा, ही त्यांची खास रीत. दोन सूर खाली, चार सूर खाली. खाली गेला की आवाज लांबतो, जड होतो, साध्या माणसाचा देवमाणूस होतो. निदान गादीवर पडलेल्यांना तरी तसं वाटायचं.

आणि मग एका शनिवारी ग्रॅहम घरी आला आणि त्यानं टेपरेकॉर्डर ढाबळीतल्या दाण्याच्या पिंपामागे ठेवला.

विचारलं का नाही, याचं उत्तर त्यानं पुढे स्वतःला अनेकदा दिलं. विचारलं असतं तर बाप गप्प झाला असता, आणि मग उरलं काय असतं? उत्तर खरं होतं. पण सोयीचंही होतं, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

चाळीस सेकंद मिळाले. त्यानं तो आवाज पाच सूर खाली आणला. तीन सूर पुरले नाहीत, चारला काहीतरी अडत होतं. पाचला तो असा काही उघडला की ज्युलियननं चक्क तोंड बंद ठेवलं. सुरुवातीला नुसता आवाज, त्यामागे बारीक गुणगुण, आणि मग चौदा मिनिटं हळूहळू उजाडत जावं तसे सूर. गाण्याचं नाव 'घर तुझंच आहे'. गादीवरची पोरं ते ऐकून रडायला लागली. मोठी तबकडी निघाली, खपाच्या यादीत एकोणिसावा नंबर लागला. बिनढोलाच्या चौदा मिनिटांना एकोणिसावा नंबर म्हणजे चेष्टा नव्हती. एका संगीताच्या साप्ताहिकानं लिहिलं की हा आवाज कुणा झिंगलेल्या म्हाताऱ्याचा आहे आणि तो थेट काळजात शिरतो. ग्रॅहमनं ते वाचलं. एक ओळ लिहून पाठवली असती तर दुरुस्ती छापून आली असती. ज्युलियन म्हणाला, छान आहे, राहू दे. ग्रॅहमनं राहू दिलं.

हॅझलथॉर्पच्या क्लबात एका सभासदाच्या मुलीनं ती तबकडी आणली आणि तिथल्या मशीनवर लावली. क्लबात दोन मशीनं होती, एक कबुतरांचं आणि एक गाण्यांचं. हाक ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. ती त्यांनी पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती. पण त्या लोकांना त्यात देवमाणूस ऐकू आला नाही. शब्द लांबलेले, जीभ जड, वाक्याचा शेवट घरंगळलेला. त्यांना ऐकू आला तो दारू चढलेला विल्फ ओल्डरॉइड. जो हशा पिकला तो पिकला. विल्फ लेमोनेडचा ग्लास हातात घेऊन उभा होता. त्यानं ग्लास ठेवला आणि घरी आला.

एनिडनं हे फोनवर सांगितलं तेव्हा ग्रॅहमला पहिल्यांदा कळलं की त्यानं काय केलं होतं. इतके महिने तो आवाज त्यानं हजारदा ऐकला होता, आणि त्यात दारू त्याला एकदाही ऐकू आली नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट जपली, त्याच्याच तोंडून त्यानं ती काढून घेतली होती.

पुढच्याच शनिवारी तो माफी मागायला गावी आला. हातात ती तबकडी होती. माफी मागायला जाताना कुणी पुरावा घेऊन जातं का? पण त्याला वाटलं, बाप नीट ऐकेल, त्याला समजेल. विल्फ परसात उभा होता. तबकडीकडे बघून म्हणाला, आत ठेव, पावसाचं चिन्ह आहे. एवढंच. ग्रॅहमनं ती कपाटावर ठेवली आणि बापाशेजारी येऊन उभा राहिला. भिंतीपलीकडे शेजारचा क्लबवाला हॅरल्ड ड्रेक आणि आणखी दोघं-तिघं आकाशाकडे बघत होते.

प्रिमरोज आली. विल्फची निळी मादी, त्या वर्षीची सगळ्यांत तेज. पाच परगण्यांत तिच्या आधी कुणी आलं नव्हतं, हे पुढे हिशेबात दिसलं. ती येऊन छपरावर बसली आणि मान वाकडी करून खाली बघायला लागली. हाकेची वाट बघत होती. विल्फनं डबा हलवला. ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा डबा हलवला. प्रिमरोज दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

भिंतीपलीकडून हॅरल्ड म्हणाला, "विल्फ, अरे हाक मार की लेका. आज एकच घेतलास वाटतं?"

कुणीतरी हसलं. विल्फच्या मानेवर लाली चढत गेली.

"बाबा," ग्रॅहम हळूच म्हणाला, "हाक मारा ना."

विल्फनं त्याच्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "हाक तू नेलीस. तूच मार."

ग्रॅहमनं मारली. खरंच मारली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. "ये गं, ये गं बाई." आवाज पिचका निघाला, आणि प्रिमरोज उडून धुराड्यावर जाऊन बसली. ती आत यायला अकरा मिनिटं लागली. विल्फनं शांतपणे कडी काढली, मशीनमध्ये टाकली, आणि आत जाऊन हात धुतले. माफी मागायची राहून गेली.

त्यानंतर विल्फनं कबुतरांना कधी हाक मारली नाही. नुसता डबा वाजवायचा. पाखरं यायची, पण रमतगमत, आणि ओल्डरॉइडचं नाव पहिल्या पाचांत पुन्हा लागलं नाही.

इकडे स्लॅक वॉटरची चार-पाच वर्षं चांगली गेली. जर्मनीत वाजवलं, एका मोठ्या मैदानावर गवतात लोळणाऱ्या हजारोंसमोर वाजवलं. लोक एकच गाणं मागायचे, आणि ते सुरू झालं की ग्रॅहम तारा तपासायच्या निमित्तानं रंगमंचामागे जायचा. आवाज गोळा करायला तो निघाला की आता विचारायचा: बाई, तुमचा आवाज घेऊ का? बाई केस सावरायची, घसा खाकरायची आणि बातम्या वाचल्यासारखं बोलायची. दुसरी तबकडी बरी गेली. तिसरीत सगळीच माणसं बातम्या वाचत होती. कंपनीनं करार मोडला, ज्युलियननं लंडनला जाऊन बिस्किटांच्या जाहिरातींना संगीत द्यायला सुरुवात केली. जाताना तो म्हणाला, तू भला माणूस झालास आणि आपण बुडालो. यात त्याच्या दृष्टीनं कौतुकही होतं.

ग्रॅहम हॅझलथॉर्पला परत आला, शाळेत लागला, कोपऱ्यावर भाड्याचं घर घेतलं. दर शनिवारी तो आईकडे चहाला जायचा आणि जाताना ठरवायचा, आज बोलायचं. टिनातल्या साल्मनची सँडविचेस व्हायची, वाऱ्याची दिशा व्हायची, शाळेचा बॉयलर व्हायचा. विल्फ काही चिडलेला नव्हता. तो फक्त नेहमीसारखा गप्प होता, आणि त्या गप्प बसण्यात राग किती आणि स्वभाव किती हे ओळखण्याची सोय नव्हती. अशी आठ वर्षं गेली. दोन माणसं पन्नास पावलांवर राहतात आणि एक वाक्य आठ वर्षं पोचत नाही.

मग विल्फच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. घरी आला तो गळ्याला भोक आणि हातात शाळकरी पाटी घेऊन. पाटी ग्रॅहमनंच शाळेच्या माळ्यावरून शोधून आणली होती. विल्फ पाटीवरही आधीइतकंच बोलायचा. चहा. दार.

फक्त एका शनिवारी, एनिड दुकानात गेलेली असताना, त्यानं पाटी मांडीवर घेतली आणि बराच वेळ खडू धरून बसला. मग लिहून ग्रॅहमपुढे सरकवली. 'मशीन हळू होतं. चूक माझी.'

ग्रॅहमनं वाचलं. त्याला वाटलं, म्हातारा अजून त्या शर्यतीतच अडकलाय. घड्याळाची पेटी मागे होती असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलंय. त्याला गलबलून आलं. तो म्हणाला, "हो बाबा. जाऊ दे, झालं ते झालं." विल्फनं मान हलवली. त्याचा चेहरा एकदम सैल पडला, डोळे भरून आले, आणि त्यानं मुलाचा हात दाबला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. ग्रॅहमला वाटलं, आपण न मागताच आपल्याला माफी मिळाली. त्या आनंदात तो वर्षभर राहिला.

विल्फ पुढच्या फेब्रुवारीत गेला. हॅमची सँडविचेस झाली, क्लबवाले काळे टाय लावून आले, हॅरल्ड ड्रेक ढसाढसा रडला. कबुतरं हॅरल्डच घेऊन जाणार होता, तीन म्हाताऱ्या माद्या सोडून. आठवड्यानं ग्रॅहम आईला आवराआवर करायला गेला. तो वरच्या मजल्यावर कपडे पिशव्यांत भरत होता, आणि खालून बापाचा आवाज आला.

"ये गं. ये गं बाई, ये. घर तुझंच आहे."

लांबलेला नाही, जड नाही. पायरीवर बसून ऐकलेला, ओला, जसाच्या तसा. ग्रॅहमच्या हातातून पिशवी गळून पडली. जिन्यावरून तो कसा उतरला त्याचं त्याला ठाऊक.

एनिड इस्त्री करत होती. शेजारी तिचं जुनं निळं, पेटीसारखं गाणी वाजवायचं मशीन, आणि त्याच्यावर ती मोठी तबकडी, जितक्या वेगानं फिरायला नको तितक्या वेगानं फिरत होती. वेगाचा खटका कधीच मोडून छोट्या तबकड्यांच्या पंचेचाळीसवर अडकला होता. मोठी तबकडी तेहतीसवर लावायची असते, हे एनिडला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि पंचेचाळीसवर लावलं की आवाज वर चढतो. जवळजवळ बरोबर पाच सूर.

"दचकलास?" एनिड म्हणाली. "मी नेहमी लावते. झोपेचं गाणं म्हणतात, पण मला तर जरा घाईचंच वाटतं. इस्त्रीला बरं पडतं."

ग्रॅहम दारातच उभा होता. त्यानं विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

तिनं इस्त्री उभी केली. सांगायला लागली. तबकडी तिनं टेबलक्लॉथांच्या खाली लपवली होती, आणि विल्फ क्लबात गेला की लावायची. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो टोपी विसरला म्हणून परत आला आणि इथेच, या दारात उभा राहिला. तिला वाटलं, आता फोडतो. पण त्यानं सगळं ऐकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"मग म्हणाला, 'हा तर मीच आहे.' मी म्हटलं, मग दुसरं कोण असणार? म्हणाला, 'पोरानं असं केलंय?' म्हटलं, असंच केलंय, ही काय तबकडी. तर खाली बसला. म्हणाला, 'म्हणजे क्लबातलं मशीन हळू होतं, एनिड. आणि मी बारा वर्षं पोराला दोष दिला.' ढसाढसा रडला रे. म्हणाला, 'मी सांगेन त्याला.' दुसऱ्या दिवशी तर नेलाच आत. नंतर सांगितलं ना त्यानं तुला? पाटीवर?"

"सांगितलं," ग्रॅहम म्हणाला.

तबकडी पुढे चालली होती. सूर घाईघाईनं उजाडत होते. हो म्हणून गप्प बसता आलं असतं. आई सुखी होती, बापही सुखात गेला होता. तसं गप्प बसणं ग्रॅहमला चांगलं जमत होतं. पण बापाचा तो सैल पडलेला चेहरा त्याला दिसला, आणि दाबलेला हात जाणवला.

"आई, क्लबातलं मशीन ठीक होतं. हळू मी केलं होतं. मुद्दाम. तुझं मशीन बिघडलंय."

एनिडला ते समजायला वेळ लागला. तिनं तबकडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ती रागावली नाही, आणि रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती माफी तूच मागायची होतीस," ती म्हणाली. "आणि तू त्याच्याकडून घेतलीस?"

एनिडनं सुई उचलली, पुन्हा पहिल्या वळणावर ठेवली आणि इस्त्री हातात घेतली. विल्फचा आवाज खोलीभर झाला. परसाचं दार उघडं होतं, आणि ढाबळीच्या छपरावर बसलेल्या तीन म्हाताऱ्या माद्या एकापाठोपाठ एक उतरून आत गेल्या.